मनोरमेची आई : पंडिता रमाबाई



सप्टेंबर उजाडला की आपल्या मंडळातल्या तरुण आईबाबांच्या गप्पा एकाच विषयावर येऊन ठेपतात. कुणाची लेक पहिल्यांदाच प्रीस्कूलला जाऊ लागलेली असते, कुणाचा मुलगा डेकेअरमधून मोठ्या वर्गात गेलेला असतो. पूर्वी दप्तरातून घडी केलेला कागद घरी यायचा, आता तोच निरोप फोनवर येतो : किती जेवला, किती झोपला, कुणाशी खेळला. पुढे शिक्षिकेची भेट ठरते. बाई हसतमुखाने सांगतात की सगळे छान चालले आहे. परतताना गाडीत नवराबायको एकमेकांना विचारत बसतात की छान म्हणजे नेमके काय? तो तिथे बोलतो का? गप्प तर बसत नाही ना? आणि घरी आल्यावर मराठीत उत्तर द्यायला हल्ली का कां-कूं करतो?

या अंकात ज्या बाईंची ओळख करून द्यायची आहे, त्यांना आपण समाजसुधारक आणि संस्कृत पंडिता म्हणून ओळखतो. ख्रिस्ती झाल्या म्हणून पुण्यात गाजलेल्या, केडगावच्या मुक्ती मिशनच्या संस्थापक म्हणूनही ओळखतो. पण त्या परदेशात एकटीने मूल वाढवणाऱ्या मराठी आई होत्या, ही गोष्ट चरित्रांत बहुधा एका ओळीत उरकली जाते. आम्हाला मात्र तीच ओळ मोठी वाटते. म्हणून रमाबाईंचे चरित्र आज त्यांच्या लेकीच्या बाजूने सांगतो आहोत.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले होते. त्या काळात एवढ्यावरून शास्त्रीपंडितांत गदारोळ झाला होता! धाकट्या रमेपर्यंत येता येता वडील थकले होते, तेव्हा तिला शिकवायचे काम आईकडे आले. कुटुंब सतत तीर्थयात्रेत. घर नाही, शाळा नाही. पहाटे बाकीची कामे सुरू होण्याआधी आई अर्धवट झोपेतल्या मुलीला जवळ घेऊन जागी करी आणि श्लोक म्हणवून घेई. अशा पहाटांतून भागवताचे हजारो श्लोक तिला मुखोद्गत झाले. मुलगी कशी शिकते आहे, कुठे अडते आहे, हे विचारायला लक्ष्मीबाईंना कुणाकडे जावे लागत नव्हते. ते त्यांच्या मांडीवरच कळत होते.

पुढे उपासमारीत १८७४ मध्ये आईवडील गेले, मोठी बहीणही गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास हजारो मैल पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जातीबाहेरचे लग्न, त्यामुळे दोन्हीकडून बहिष्कार. १६ एप्रिल १८८१ ला मुलगी झाली. मुलगीच हवी होती, म्हणून नाव ठेवले मनोरमा. दहा महिने झाले नाहीत तोच फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबू कॉलऱ्याने गेले. चोविसाव्या वर्षाच्या आत वैधव्य आणि कडेवर तान्ही मुलगी!

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. पुस्तकाचे पैसे गाठीला बांधून एप्रिल १८८३ मध्ये इंग्लंडची बोट धरली. मनात डॉक्टर व्हायचे होते. बरोबर दोन वर्षांची मनोरमा आणि आनंदीबाई भगत ही मैत्रीण. वाँटेज गावातल्या जोगिणींच्या मठात सोय झाली. व्यवहार सरळ होता : पुण्याच्या मिशनमध्ये जाणाऱ्या सिस्टरांना रमाबाईंनी मराठी शिकवायचे आणि सिस्टरांनी त्यांना इंग्रजी. आनंदीबाईंचा तिथेच करुण अंत झाला. २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी आणि त्यांच्याबरोबर छोट्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टरकीचा बेत मात्र सोडावा लागला. मग त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकायला आणि संस्कृत शिकवायला गेल्या. मनोरमा बराच काळ वाँटेजच्या सिस्टरांकडे होती.

इथून आमच्या दृष्टीने खरी गोष्ट सुरू होते.

मनोरमेची देखरेख प्रामुख्याने सिस्टर जेराल्डीन यांच्याकडे होती. रमाबाई त्यांना पत्रांत चक्क ‘आजीबाई’ म्हणत. त्यात लाडही होता आणि मानही. परक्या देशात मुलीला आजी मिळाली, असेच ते नाते सुरू झाले. आजीबाईंच्या मते मुलीचे छान चालले होते. त्यांनी तिच्यावर माया केली यात आम्हाला शंका नाही. पण मुलगी प्रार्थना शिकत होती, आणि प्रार्थनेबरोबर चर्चचे सिद्धांतही शिकत होती. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता खरा, पण चर्चचे प्रत्येक मत डोळे मिटून मानायला त्या तयार नव्हत्या. त्रैक्याचा सिद्धांत त्यांना स्वतःला पटलेला नव्हता. जे मला पटलेले नाही ते माझ्या चार वर्षांच्या मुलीला सत्य म्हणून शिकवायचे नाही, असे त्यांनी स्पष्ट कळवले.

सिस्टर जेराल्डीन दुखावल्या. त्यांना यात रमाबाईंचा गर्व दिसला. धर्मशिक्षणात आईने ढवळाढवळ करावी, हेच त्यांना समजत नव्हते. ज्या संस्थेने मायलेकींना आसरा दिला त्या संस्थेला अटी घालणे त्यांना कृतघ्नपणाचे वाटले असल्यास नवल नाही. रमाबाई मात्र हटल्या नाहीत. मूल कुणाच्याही घरी वाढत असो, त्याला काय शिकवायचे यात आईचा शब्द राहणार, ही त्यांची भूमिका होती. ती त्यांनी परावलंबी असताना घेतली, हे विशेष. पैसा दुसऱ्यांचा, छप्पर दुसऱ्यांचे, देश राज्यकर्त्यांचा!

दुसरा मुद्दा आपल्यासारख्यांच्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. मनोरमा इंग्लंडमध्येच राहावी, तिथल्या मुलींसारखी घडावी, असे हितचिंतकांना वाटे. रमाबाईंना ते नको होते. तिने आपल्या माणसांना आपले म्हणावे, हिंदुस्थानचे नाव निघाल्यावर मान खाली घालू नये, मायदेशी परतल्यावर वरच्या पायरीवर उभे राहून लोकांकडे पाहू नये, असे त्यांनी लिहिले आहे. स्वतः त्या शाकाहारी राहिल्या, साडी नेसत राहिल्या. मठातल्या काहींना हा हट्ट वाटे. चांगल्या बालशाळेचा अहवाल कितीही गोड असला तरी त्यात हा रकाना नसतो, हे इथल्या आईबाबांना आम्ही वेगळे सांगायला नको.

१८८६ च्या मार्चमध्ये रमाबाई अमेरिकेत आल्या. निमित्त डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाचे. आनंदीबाई त्यांच्या दूरच्या नात्यातल्या. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी आमंत्रण दिले होते. ११ मार्च १८८६ चा तो समारंभ आपल्याला पाठ आहे. एक मराठी बाई डॉक्टर होत होती आणि दुसरी ते पाहायला समुद्र ओलांडून आली होती. या समारंभाच्या वर्णनांत एक व्यक्ती सहसा राहून जाते. पुढच्या महिन्यात पाच पुरी करणारी मनोरमाही आईबरोबर फिलाडेल्फियाला आली होती.

काही महिन्यांसाठी आलेल्या रमाबाई जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. त्याचे एक मोठे कारण होते इथल्या बालवाड्या.

किंडरगार्टन म्हणजे अक्षरशः लेकरांची बाग. जर्मनीच्या फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८४० मध्ये हे नाव दिले. अमेरिकेत पहिली बालवाडी १८५६ मध्ये विस्कॉन्सिनच्या वॉटरटाउन गावात मार्गारेट शुर्झ यांनी जर्मन मुलांसाठी भरवली. १८६० मध्ये एलिझाबेथ पीबडी यांनी बोस्टनमध्ये इंग्रजी बालवाडी काढली आणि १८७३ मध्ये सेंट लुईसला सुझन ब्लो यांनी ती सरकारी शाळेत आणली. फिलाडेल्फियाच्या १८७६ च्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात तर नमुन्याची बालवाडीच मांडली होती. (ती पाहून एका आईने आपल्या मुलासाठी फ्रोबेलचे लाकडी ठोकळे घेतले. तो मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट.)

पहिल्या ‘भेटी’त लोकरीचे सहा रंगीत चेंडू, दोरीला बांधलेले. दुसरीत लाकडी गोळा, घन आणि नळकांडे. पुढे आठ तुकड्यांत सुटणारा घन. मग कागदाच्या घड्या, रंगीत पट्ट्यांचे विणकाम, टोचणीने नक्षी, ओल्या मातीची खेळणी, बागेत स्वतः लावलेले रोप. मुलाने पाठ म्हणून दाखवायचे नाही, करून दाखवायचे. शिक्षिकेने पुढे उभे राहून घोकून घ्यायचे नाही. जवळ बसून मूल काय करते, कसे करते, कुठे थबकते ते पाहायचे. त्या काळातल्या बालवाडीच्या बाई दुपारी मुलांच्या घरी जात, आयांना जमवून बोलत. आज आपण शाळेत जाऊन बाईंना भेटतो, त्या प्रथेचे एक मूळ इथे आहे.

आता कल्पना करा. जिचे सारे बालपण पाठांतरात गेले, त्या पंडितेने हे पाहिले. तिच्या पाठांतराला हिणवायचे कारण नाही, त्याच बळावर तिने कलकत्ता जिंकले होते. पण तिला तात्काळ उमगले की आपल्याकडच्या मुलींना, विशेषतः ज्यांना वयाच्या आठव्या-दहाव्या वर्षी विधवा म्हणून कोपऱ्यात बसवले जाते त्या मुलींना, हातांनी काही घडवण्याचा आनंद कधी मिळालेलाच नाही. बालवाडी चालवणे हा विधवांना मानाचा व्यवसायही होऊ शकेल, हे त्यांनी हेरले. १८८६ च्या सप्टेंबरात, अठ्ठाविसाव्या वर्षी, रमाबाई फिलाडेल्फियात बालवाडी शिक्षिकांच्या प्रशिक्षण वर्गात विद्यार्थिनी म्हणून बसल्या. याच काळात त्यांनी मराठी मुलांसाठी मुळाक्षरांपासून वरच्या इयत्तांपर्यंत सचित्र वाचनमाला लिहायला घेतली. अमेरिकेत बसून मराठी बालभारती, असे म्हणा ना!

आणि मनोरमा? आईचा मुक्काम लांबला, गावोगाव व्याख्याने सुरू झाली, तसे मुलीला पुन्हा इंग्लंडला, वाँटेजच्या त्याच आजीबाईंकडे पाठवावे लागले. दुसऱ्यांच्या मुलांना कसे पाहावे हे आई फिलाडेल्फियात शिकत होती, आणि स्वतःचे मूल कसे आहे हे तिला अटलांटिकपलीकडून बोटीने येणाऱ्या पत्रांतून कळत होते. भांडण झालेल्या बाईंच्याच हाती मूल द्यावे लागणे आणि त्यांच्याच लेखणीतून त्याची खुशाली वाचणे! रमाबाईंच्या धैर्याची उदाहरणे देताना आम्ही हेही त्यात धरू. तिने मुलीला स्वतःही पत्रे लिहिली. त्या पत्रांत पंडिता कुठेच नाही, नुसती आई आहे. काही अभ्यासक रमाबाईंना यासाठी दोष देतात, मुलीपेक्षा कार्य मोठे मानले म्हणतात. आम्हाला तो न्याय घाईचा वाटतो. हाच प्रश्न व्याख्यानासाठी देश पालथा घालणाऱ्या बापांना कुणी विचारल्याचे आठवत नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. १८८७ मध्ये फिलाडेल्फियात ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक निघाले. ते त्यांनी आपल्या आईच्या स्मृतीला अर्पण केले. त्या वर्षीच आनंदीबाई पुण्यात निवर्तल्या होत्या. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे खर्च उचलायचे मान्य केले. सॅन फ्रान्सिस्को, जपान, हाँगकाँग असे करत फेब्रुवारी १८८९ मध्ये त्या मुंबईला पोचल्या. ११ मार्च १८८९ ला, आनंदीबाईंच्या पदवीदानानंतर बरोबर तीन वर्षांनी, चौपाटीवर शारदा सदन उघडले. सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी होत्या, त्याच पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या. सदनाच्या शिक्षणात बालवाडीची पद्धत होती. फिलाडेल्फियाच्या वर्गातले चेंडू आणि ठोकळे असे मुंबईत आणि मग पुण्यात आले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ मध्ये बालशिक्षणाचे काम सुरू केले, त्याच्या अर्धशतकाहून आधीची ही गोष्ट. अमेरिकेवरचे रमाबाईंचे मराठी पुस्तकही १८८९ चेच. इथे राहणाऱ्या प्रत्येक मराठी घराने ते एकदा वाचावे.

मायलेकी पुन्हा एका छपराखाली आल्या. पण वाँटेजचा प्रश्न संपला नव्हता, तो उलटा होऊन पुढे आला.

शारदा सदनात धर्म शिकवायचा नाही, असे ठरले होते. मुलींनी आपापले आचार पाळावेत, स्वयंपाकही जातीच्या नियमाने चालावा, अशी व्यवस्था होती. रमाबाई मात्र आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करत आणि दार उघडे ठेवत. काही मुली आत येऊन बसू लागल्या. बातमी पुण्यात पसरली, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी वीसपंचवीस मुली काढून नेल्या.

रमाबाईंचे म्हणणे होते की कुणाला बोलावलेले नाही, पण आपल्याच घरात दार लावून प्रार्थना करणार नाही. पालकांचे म्हणणे होते की आमची मुलगी तुमच्याकडे शिकायला ठेवली, तिच्या मनात काय रुजते आहे ते आम्हाला आधी कळायला हवे होते. बरोबर आठ वर्षांपूर्वी, जवळजवळ याच शब्दांत, एका आईने वाँटेजला हाच हक्क मागितला होता! रमाबाईंना हे साम्य जाणवले असेल का? आम्हाला वाटते, जाणवले असणार, त्या अतिशय कुशाग्र होत्या. दोन्ही प्रसंग एक नव्हते हेही खरे. मनोरमा चार वर्षांची होती, सदनातल्या कित्येक मुली जाणत्या होत्या, आणि त्यांच्यातल्या अनेकींना त्यांच्याच घरांनी कोपऱ्यात ढकललेले होते. तरी त्या पालकांना सरसकट कर्मठ म्हणून मोडीत काढणे आमच्या जिवावर येते. बोस्टनची असोसिएशन रमाबाईंच्या मागे उभी राहिली आणि सदन टिकले. पुण्याशी पडलेली फट मात्र कायमची राहिली.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो अनाथ मुली, बायका आणल्या. केडगावला मुक्ती उभे राहिले. त्याची हकिगत आपल्याला ठाऊक आहे, म्हणून इथे थांबत नाही. १८९८ मध्ये दहा वर्षांचा हिशेब द्यायला रमाबाई पुन्हा अमेरिकेला आल्या. याच सुमारास न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरजवळच्या नॉर्थ चिली गावातल्या शाळेत मनोरमा शिकायला राहिली. ती आता सतरा वर्षांची झाली होती. म्हणजे आजच्या भाषेत ‘इंटरनॅशनल स्टुडंट’! पण ती इथे राहिली नाही. १९०० मध्ये परतली, आईच्या कामात शिरली, शारदा सदन सांभाळू लागली, पुढे मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली. ब्रेल शिकून तिने मुक्तीतल्या अंध मुलींना बोटांनी वाचायला शिकवले. पुढे गुलबर्ग्याला शाळा काढली. तिने आपल्या माणसांकडे वरच्या पायरीवरून पाहिले असे कुणी म्हटलेले नाही.

२४ जुलै १९२१ ला मिरजेला मनोरमा गेली. वय चाळीस. रमाबाई तेव्हा बायबलच्या मराठी भाषांतराच्या प्रुफांत बुडालेल्या होत्या. त्यांनी ते काम पुरे करत आणले, आणि नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ ला, त्याही गेल्या.

एक गोष्ट सांगायची राहिली. या मायलेकींची पत्रे आज आपल्याला वाचता येतात, ती सिस्टर जेराल्डीन यांच्यामुळे. रागारागाने लिहिलेली, स्वतःविरुद्ध जाणारी पत्रेसुद्धा त्यांनी जपून ठेवली, त्यांचा संग्रह केला. १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो प्रसिद्ध केला. छोट्या मनोरमेला आईने लिहिलेली पत्रेही त्यातच, आजीबाईंच्या पत्रांच्या शेजारी आहेत.